कोरं पाणी

सरोजाक्का यमुल कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी वर बघायच्या. लग्नाच्या हॉलात गेल्या तरी वर, दवाखान्यात गेल्या तरी वर. अक्षता टाकतानासुद्धा नजर छताच्या पाइपांवर, मग त्या अक्षता नवरदेवाऐवजी फोटोग्राफरच्या डोक्यात. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा वैतागून म्हणायचे, "अगं, माणसं खाली असतात!" पण करणार काय? सगळा जन्म आग विझवायच्या पाइपलाइनी टाकण्यात गेलेला. मान खाली घालून चालायची सवयच राहिली नव्हती.

आमच्या सोलापुरात हे काम मानाचं, बरं का. गिरण्या गेल्या, खडखड करणारे यंत्रमाग गेले, आता माणसावाचून चालणाऱ्या मागांच्या लांबलचक शेड आल्या; पण सूत ते सूतच. त्याचा बारीक भुगा हवेत उडतो, पंख्यावर बसतो, दिव्यावर बसतो, विजेच्या पॅनेलवर तर हमखास बसतो. ठिणगी पडली की भडका. म्हणून प्रत्येक शेडच्या छताला पाण्याचे पाइप आणि पाइपांना फवारे. खालची हवा तापली की फवाऱ्यातली काचेची इवलीशी कुपी फुटते आणि पाणी कोसळतं.

आता पंचाईत एकच. जे पाणी आग विझवतं तेच चालू पॅनेलवर पडलं, तर आग राहिली बाजूला, जवळचा माणूसच जायचा. म्हणून नियमावलीत जुनं कलम होतं: पॅनेलच्या डोक्यावरची जागा पॅनेलची. तिथून पाण्याचा पाइप न्यायचा नाही. आमच्याकडचे फिटर या जागेला 'पॅनेलचं आभाळ' म्हणायचे. पाइपाला सरळ जायची कितीही घाई असो, पॅनेल आलं की त्याने निमूट बाजूने वळसा घालायचा.

आणि वळसा घालावा तर तो महिबूबभाई नदाफांनी! सरोजाक्का नकाशे काढायच्या, हिशेब मांडायच्या. महिबूबभाई पाइप वाकवायचे. कोपरे जोडून केलेला वळसा त्यांना चालायचा नाही. सांधा जितका कमी तितकी गळती कमी, असा त्यांचा हट्ट. पाइपात वाळू ठासायची, भट्टीवर लाल करायचा आणि अंगाच्या जोराने हळूहळू वाकवायचा. वाकताना तोंडाने कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचे. विचारलं तर म्हणायचे, "शिव्या देतोय अक्का, तुम्हाला नाही, पाइपाला."

काम झालं की दोघांची एक पद्धत होती. पाइपात पाण्याचा पुरा दाब भरायचा आणि त्याच पाइपाखाली बसून जेवायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी, महिबूबभाईंच्या घरचं कांद्याचं कालवण. ताटात थेंब पडला तर काम नापास. इतक्या वर्षांत ताट कधी ओलं झालं नाही. सरोजाक्कांना पुढे चांगल्या हॉटेलांतलं जेवण मिळालं, विमानातलं मिळालं, पण त्या भाकरीची चव कशालाच आली नाही. हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण जेवताना गप्प व्हायच्या, त्यावरून कळायचं.

मग कोरं पाणी आलं.

गोष्ट तशी सोपी आहे. पाणी स्वतः वीज वाहून नेतच नाही म्हटलं तरी चालेल. नेतात ते त्यात विरघळलेले क्षार. क्षार पुरते काढून टाकले तर पाणी विजेला दाद देत नाही. हे शाळकरी पोरांनाही माहीत. पण शुद्ध पाणी शुद्ध राहत नाही, ही खरी गोची. लोखंडातून गंज उचलतं, हवेतून वायू उचलतं, चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. पुण्याच्या एका कंपनीने पाइपाला आतून लावायचं अस्तर शोधून काढलं. त्या अस्तरात डोळ्यांना न दिसणारे अगणित कप्पे. पाण्यात क्षाराचा कण आला की एखादा कप्पा त्याला पकडून ठेवतो. पाणी पाइपात वर्षानुवर्षं उभं राहिलं तरी विजेच्या दृष्टीने ते नसल्यासारखंच. कंपनीने त्याला भलंमोठं शास्त्रीय नाव दिलं होतं. लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याचं 'कोरं पाणी' करून टाकलं, कोरा चहा म्हणावा तसं.

पुढचं ओघानेच आलं. त्या जुन्या कलमाला एक ओळ जोडली गेली: पाणी कोरं असेल तर पॅनेलच्या डोक्यावरून पाइप नेण्यास हरकत नाही. पॅनेलवरच फवारा आला, की आग जन्मते तिथेच मरणार. सरोजाक्कांनी प्रयोग बघितले, आकडे तपासले, त्यांना पटलं. त्यांनी उत्साहाने सरळ पाइपाचा नकाशा काढला आणि महिबूबभाईंपुढे ठेवला. महिबूबभाईंनी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. कागद बाजूला सारला.

"मला नाही जमायचं वो हे, अक्का. पॅनेलच्या डोक्यावर पाणी? तुम्ही करा."

आठवड्याभरात हत्यारं पोत्यात घालून ते विजापूरला लेकाकडे गेले. सरोजाक्कांना असा राग आला, असा राग आला की विचारू नका. इतक्या वर्षांची जोडी आणि एका कलमापायी मोडायची? "गेले तर गेले," म्हणाल्या, आणि कंपनीच्या अधिकृत तपासनीस झाल्या. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा तो बंद झाला. संक्रांतीला इकडून शेंगापोळ्या जायच्या त्या बंद झाल्या. याला सात-आठ वर्षं झाली.

आणि आता विणकरांच्या एका सहकारी संस्थेची नवी शेड उभी राहिली होती. पॅनेलच्या थेट डोक्यावरून पाइप गेलेली जिल्ह्यातली ही पहिलीच. आज चाचणी. सरोजाक्कांनी सही केली की बाकीच्या सगळ्या शेड तोच नमुना उचलणार, म्हणून कंपनीचे अभियंता पारनाईक पुण्याहून जातीने आले होते. चाचणी करून दाखवणार होती सरोजाक्कांची लेक श्रीजा. ती कंपनीतच नोकरीला. चालू पॅनेलचं दार उघडायचं, वरून फवारा सोडायचा आणि तांब्याच्या जिवंत पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी ओंजळीत धरून लोकांना दाखवायचं, हे तिचं काम. गावोगाव केलेलं. लोक टाळ्या वाजवायचे. तिची आई मात्र त्या क्षणी पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची.

श्रीजाने आणखी एक उद्योग केला होता. आईला न सांगता विजापूरला फोन केला होता.

शेडच्या दारात महिबूबभाई उभे दिसले तेव्हा सरोजाक्का चालता चालता थबकल्या. माणूस वाळला होता. दाढी पांढरीफेक.

"कधी आलात?" त्यांनी विचारलं.

"पहाटेच्या गाडीनं. वॉचमन ओळखीचा निघाला. फिरून आलो सगळीकडं. टाकी छान बांधलीय." महिबूबभाई बोलत होते, पण त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते.

अजून राग आहे तर, सरोजाक्का मनात म्हणाल्या. बरं, असू दे. इथवर आले हे काय कमी झालं? डोळ्यांत पाणी यायला लागलं तशा त्या घाईघाईने पॅनेलच्या खोलीत शिरल्या आणि सवयीने वर बघितलं. पाइप सुतासारखा सरळ गेला होता. अगदी पॅनेलच्या आभाळातून. काम सुबक होतं, नावं ठेवायला जागा नव्हती.

खोलीच्या दारात गर्दी जमली. संस्थेचे अध्यक्ष राजेशमअण्णा चिट्याल, फेटा बांधून. मागे वयाने सगळ्यांत वडील विणकर भूदेवम्मा, इरकली नेसून, कपाळभर कुंकू. पलीकडे माग धडधडत होते. श्रीजाने पॅनेलचं दार उघडलं. पाइपावरचा दिवा हिरवा होता, म्हणजे आतलं पाणी कोरं.

"चला मॅडम, नमुना घ्या, मग सुरू करू," पारनाईक म्हणाले.

चाचणीआधी पाइपाच्या टोकाची छोटी तोटी सोडून पेलाभर पाणी तपासनिसाने बघायचं, असा रिवाज. सरोजाक्कांनी पेला उजेडात धरला. पाणी नितळ. जुने फिटर गंजाचा वास येतो का बघायला पाणी नाकाशी नेतात, तसा त्यांनी पेला नाकाशी नेला.

गुलाब!

अगदी हलका, पण गुलाबच. आणि हा वास सरोजाक्कांना जगात कुठेही ओळखू आला असता. जोडीच्या दिवसांत नवी टाकी पहिल्यांदा भरली की दोघं मिळून टाकीची पूजा करायचे. सरोजाक्का मूठभर हळदकुंकू पाण्यात सोडायच्या आणि महिबूबभाई खिशातून दर्ग्यावरच्या अत्तराची कुपी काढून दोन थेंब टाकायचे. साधं पाणी, साधी टाकी, त्याने काही बिघडायचं नाही. त्याशिवाय दोघांपैकी कुणाला चैन पडायची नाही.

म्हणजे महिबूबभाई पहाटे टाकीवर जाऊन आले होते. सरोजाक्कांना आधी भरून आलं आणि लगोलग अंगावर काटा आला. अत्तर म्हणजे तेल. तेलातून वीज जात नाही आणि अस्तर तेलाला पकडतही नाही, म्हणून वास इथवर पोचला होता. अत्तराची भीती नव्हतीच. पण या माणसाने एकट्याने पूजा केली असेल, तर तो अक्काचा वाटा विसरेल? शक्यच नाही. हळदकुंकूही पडलं असणार. आणि कुंकवात टाकणखार असतो. क्षार!

दिवा हिरवा होता तो सकाळी टाकीतून भरून पाइपात उभ्या असलेल्या पाण्यापुरता. त्या पाण्यातले क्षार अस्तराने सावकाश टिपून घेतले होते. पण फवारा सुटला की टाकीतलं पाणी धो धो येणार, अस्तराला टिपायला उसंतच मिळणार नाही. आणि ते पाणी श्रीजा ओंजळीत धरणार. सरोजाक्कांनी मान वळवली, तर पारनाईकांचा हात झडपेवर आणि लेक हसत हसत बाह्या सारत होती.

"थांबा! श्रीजा, मागं हो!"

"अम्मा, दिवा हिरवा आहे," श्रीजा चारचौघांत ओशाळून म्हणाली.

सरोजाक्का पुढे झाल्या आणि पॅनेलचा मुख्य खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. शेडभर माग थांबले. इतकी शांतता झाली की भूदेवम्मांच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

"अहो मॅडम, हे काय!" पारनाईक ओरडले.

"टाकीवर चला. मीटर घ्या."

सगळी वरात टाकीवर गेली. उद्घाटनासाठी झाकण उघडं ठेवून भोवती झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. टाकीलगतच पुरुषभर उंचीवर खांबाला ठोकलेला मोठा लालभडक बोर्ड: 'पाण्यात काहीही टाकू नये.' पारनाईकांनी क्षार मोजायच्या मीटरची कांडी पाण्यात बुडवली. आकडा चढला, चढला आणि चढतच राहिला. पारनाईक मटकन कठड्यावर बसले. श्रीजाने आकडा वाचला, स्वतःच्या ओंजळीकडे बघितलं आणि आईचा पदर घट्ट धरला. लहानपणीसुद्धा कधी धरला नव्हता.

"कुणी केलं हे?" पारनाईकांचा आवाज चिरकला होता. "पोलिसांत देईन! पोरगी गेली असती आत्ता!"

"मी केलं," मागून महिबूबभाई म्हणाले. "अत्तर माझं, हळदकुंकू अक्काच्या नावानं. मूठभरच होतं. मला वाटलं... या अल्ला, श्रीजा! मला काय माहीत, साहेब. द्या पोलिसांत."

तेवढ्यात भूदेवम्मा पुढे झाल्या. "त्या म्हाताऱ्याला का बोलायलाय बे? मी पण टाकलंय की कुंकू. चांगलं दोन मुठी."

"अहो, पण बोर्ड!"

"तो बोर्ड कचऱ्यासाठी ना? देवाचं कुंकू काय कचरा असतंय का?"

राजेशमअण्णांनी खाकरून फेटा सारखा केला. "तसं म्हटलं तर... काल संध्याकाळी थोडी विभूती मी पण सोडली होती. थोडीच हं." वॉचमन म्हणाला, त्याने सिद्धेश्वराच्या तळ्याचं तांब्याभर पाणी ओतलं, सगळे करतात म्हणून. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि हळूहळू सगळ्यांची नजर पारनाईकांवर गेली, कारण ते एकाएकी गप्प झाले होते.

"साहेब?" सरोजाक्का म्हणाल्या.

"नारळ," पारनाईक पुटपुटले. "आईने निघताना बजावलं होतं, पहिली मोठी टाकी आहे, नारळ फोड म्हणून. इथे कठड्यावरच फोडला. पाणी थोडं आत... अहो, थोडंसंच!"

नारळाच्या पाण्यात क्षार किती असतात हे त्या जागी त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी श्रीजा हसली. हसता हसता रडायला लागली. मग भूदेवम्मांनी तिला पोटाशी धरलं आणि पोलिसांचा विषय तिथेच संपला.

"टाकी धुऊ, पुन्हा भरू," पारनाईक सावरून म्हणाले. "कुलूप लावू. मग तर सही कराल?"

"किल्ली कुणाकडे ठेवणार?"

पारनाईकांनी राजेशमअण्णांकडे बघितलं. राजेशमअण्णांनी आकाशाकडे.

"साहेब, तुमचं अस्तर खोटं नाही," सरोजाक्का म्हणाल्या. "मी स्वतः तपासलंय, पटलं म्हणून तुमच्याकडे आले. पण त्या कलमात पाइपातलं पाणी धरलंय, टाकीपाशी येणारी माणसं कुणी धरलीच नाहीत. नवी टाकी भरली की आमची माणसं हात जोडून काहीतरी वाहणारच. तुम्हीही वाहिलंत. सगळीकडे वापरा कोरं पाणी, पण पॅनेलच्या डोक्यावरून मी पाइप नेऊ देणार नाही. वळसा घाला."

"कंपनी तुमचं तपासनिसाचं पत्र काढून घेईल, मॅडम. आणि श्रीजाचं काय?"

"माझं काय? मी या ओंजळी आता परत धरणार नाही," श्रीजा नाक पुसत म्हणाली.

"मग काढून घ्या," सरोजाक्का म्हणाल्या. बोलून गेल्यावर मनात आलं, या वयात नवं काम कोण देणार? पण मगाशी लेकीने पदर धरला होता तो अजून चुरगळलेला होता, त्याच्याकडे बघितलं आणि शब्द मागे घेतला नाही.

लोक खाली गेले. टाकीपाशी दोघंच राहिले. महिबूबभाई लाल बोर्डाच्या खांबाला टेकून उभे होते, मान खाली.

"मला माफ करा, अक्का. तुमचं काम घालवलं मी. लेकरू गेलं असतं."

"सगळ्यांनीच घातलंय, तुम्ही एकट्याने का मनाला लावून घेता?" सरोजाक्का म्हणाल्या. मग राहवेना. "पण ते बाकीचे अडाणी म्हणू. तुम्ही पाइपातलं माणूस. एवढा मोठा बोर्ड वाचूनही टाकलंत?"

"कुठला बोर्ड?"

सरोजाक्कांना आधी वाटलं, थट्टा करतायत. बोर्ड त्यांच्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर. महिबूबभाईंनी हात वर करून मागे चाचपडलं, बोटं पत्र्याला लागली, अक्षरांवरून फिरली आणि थांबली.

"हा का," ते म्हणाले.

"महिबूबभाई, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कळतो. माणूस उभा आहे एवढं कळतं. जिने, कठडे मोजून चढतो." ते जरा हसले. "डोळ्यांच्या मागची नस गेली म्हणतात. हळूहळू गेली. तुम्ही त्या दिवशी सरळ पाइपाचा नकाशा पुढं केलात ना, त्यात एक रेघ दिसली नाही मला. पांढरा कागद नुसता."

सरोजाक्का कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या या माणसाशी मनातल्या मनात भांडत आल्या होत्या. कलमाची बाजू मांडत होत्या, आकडे देत होत्या, हट्टी म्हणत होत्या. आणि तो कलमाशी भांडलाच नव्हता.

"मी तुम्हाला किती शिव्या घातल्या, माहीत आहे?"

"विजापूरपर्यंत ऐकू यायच्या की."

"चेष्टा पुरे! सांगायचं नाहीत? मी परकी होते का?"

महिबूबभाईंनी बोर्डावरचा हात काढून घेतला. खाली कुणीतरी खटका वर केला असावा, मागांची धडधड पुन्हा सुरू झाली.

"सांगितलं असतं तर तुम्ही नवं काम घेतलं असतं का?" ते म्हणाले. "मी ओळखत नाही होय तुम्हाला? बसल्या असता इथंच, माझा हात धरून. तुमची पोरगी शिकायची होती. म्हणून म्हटलं, भांडून गेलेलं बरं. भांडून गेलेल्या माणसाची वाट कोण बघतंय?"

"मी बघत होते," सरोजाक्का म्हणाल्या. रडू आवरायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. "रोज बघत होते. चला आता खाली. त्या पॅनेलवरचा पाइप कापायचाय, कुठून कसा वळवायचा ते तुम्ही सांगायचं."

"जिना उतरतो मी. पायऱ्या पाठ आहेत."

"असू देत पाठ. इतकी वर्षं नाही धरू दिलात, आज हात धरू द्या."

महिबूबभाईंनी हात पुढे केला. तो जरा बाजूला गेला, जिथे कुणीच नव्हतं तिथे. सरोजाक्का एक पाऊल सरकल्या आणि तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला.